सत्काराचा वृत्तांत राहतो, पुस्तक जाते: साहित्य पुरस्कार देणाऱ्यांना खुले पत्र

साहित्य पुरस्कार देणाऱ्या संस्थांचे विश्वस्त आणि निवड समित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

इसवी सनपूर्व 416 मध्ये अथेन्समधील लेनाया उत्सवाच्या नाट्यस्पर्धेत अ‍ॅगाथॉन नावाच्या कवीला शोकनाट्याचे पहिले पारितोषिक मिळाले आणि त्या आनंदात त्याने मित्रांना घरी मेजवानी दिली. ती मेजवानी आजही जगभर ठाऊक आहे, कारण प्लेटोने आपला ‘सिंपोझियम’ हा संवाद तिथेच घडवला. कोण उशिरा आले, कोण कोणाच्या शेजारी होते, ऐन बोलण्याची पाळी आली तेव्हा कोणाला उचकी लागली, हे सगळे आपल्याला आजही वाचायला मिळते. ज्या नाटकासाठी पारितोषिक मिळाले ते मात्र मिळत नाही. अ‍ॅगाथॉनचे एकही नाटक पूर्ण स्वरूपात उरलेले नाही. इतरांनी आपल्या लेखनात उद्धृत केलेल्या काही ओळी तेवढ्या शिल्लक आहेत. सत्काराचा वृत्तांत राहिला आणि ज्या कृतीमुळे सत्कार झाला ती गेली. तुम्हां सर्वांना हे पत्र लिहिण्याचे कारण याहून फारसे वेगळे नाही.

निवड समित्या चुकतात, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो खेळ फार जुना आहे. सोफोक्लीसच्या ज्या ईडिपस नाटकाकडे पुढच्या सर्व शतकांनी शोकांतिकेचा नमुना म्हणून पाहिले, ते त्याच्या स्पर्धेत दुसरे आले आणि पहिला क्रमांक फिलोक्लीसने पटकावला, असे प्राचीन नोंदी सांगतात. फिलोक्लीसचेही एकही नाटक आज उपलब्ध नाही. 1901 मध्ये साहित्याचे पहिले नोबेल पारितोषिक सुली प्रुदोम या फ्रेंच कवीला देण्यात आले तेव्हा टॉल्स्टॉय हयात होते, आणि पुढल्याच वर्षी 42 स्वीडिश लेखक-कलावंतांनी टॉल्स्टॉयना पत्र लिहून आपली खंत जाहीर केली. या निवडीवर लोक सव्वाशे वर्षे हसत आले आहेत. मला त्या प्रकरणातली दुसरीच एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. प्रुदोम यांनी मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा कवितेसाठी एक नवा पुरस्कार सुरू करण्याला दिला. माणूस उदार होता, हेतूही निर्मळ होता. पण पुरस्काराच्या पैशातून त्यांना सुचले ते काय, तर आणखी एक पुरस्कार!

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केले, त्यामुळे लेखकाच्या कीर्तीकडे मी व्यासपीठाच्या बाजूने कधी पाहिले नाही. मी ती पाहिली पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर. पुरस्कार जाहीर झाला की त्या पुस्तकाची मागणी वाढते, नोंदणी करून वाचक वाट पाहतात, आणि चिठ्ठीवर शिक्क्यांची इतकी दाटी होते की एकाची शाई दुसऱ्यावर उमटते. पहिल्या वर्षात एक स्तंभ भरतो, कधी दुसराही. मग दोन तारखांमध्ये महिन्यांचे अंतर पडू लागते, त्यानंतर वर्षांचे, आणि चिठ्ठीचा खालचा भाग तसाच कोरा राहतो. मुखपृष्ठावर प्रकाशकाने छापलेले ‘पुरस्कारप्राप्त’ हे सोनेरी वर्तुळ मात्र चकाकत असते, कारण त्याला आता कोणाचा हात लागत नाही. यथावकाश नवीन पुस्तकांसाठी जागा करण्याची वेळ येते. दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ‘बाद’ अशी नोंद होते, शीर्षकाच्या पानावर तोच शिक्का बसतो आणि पुस्तक गठ्ठ्यात बांधले जाते.

हे काम मी विनातक्रार केले आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. फडताळाची लांबी ठरलेली असते आणि वाचकाला हवे ते पुस्तक समोर ठेवणे हा ग्रंथालयाचा धर्म आहे. कीर्ती ओसरते याबद्दलही माझी तक्रार नाही. ती ओसरायलाच हवी. एका पिढीने डोक्यावर घेतलेले सगळे लेखक पुढच्या पिढीच्याही डोक्यावर बसून राहिले, तर नव्या माणसाला मान वर करायलाही जागा राहणार नाही. व्हिक्टोरिया राणी जिची चाहती होती आणि जिच्या कादंबऱ्यांवर तिच्या काळातल्या वाचकांच्या उड्या पडत, त्या मेरी कोरेलीला आज कोणी वाचत नाही याचे दुःख मला करता येणार नाही. रॉबर्ट साउदी 1813 पासून 1843 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल 30 वर्षे, इंग्लंडचा राजकवी होता. त्याची लांबलचक महाकाव्ये अभ्यासकांपुरती उरली आणि 1837 मध्ये त्याने छापलेली तीन अस्वलांची गोष्ट मात्र, त्याच्या नावाशिवाय, लहान मुलांना झोपवताना सांगितली जाते. बहुतेक विस्मरण हे असे न्याय्य, निदान समजण्याजोगे असते.

माझा आक्षेप आहे तो विस्मरण आणि नाहीसे होणे या दोहोंची आपण गल्लत करतो त्याला. विसरलेले पुस्तक कोणीतरी पुन्हा उघडू शकतो. नाहीसे झालेले पुस्तक उघडता येत नाही, आणि ते विस्मरणाला पात्र होते की नव्हते हेही मग कोणाला ठरवता येत नाही. ग्रंथालयात हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक ग्रंथालय आपापल्या चिठ्ठीवरच्या तारखा पाहून आपापला निर्णय घेते, तो निर्णय त्या ग्रंथालयापुरता बरोबरच असतो, आणि एकाच पुस्तकाची मागणी सगळीकडे साधारण एकाच सुमारास आटत असल्यामुळे ते सगळीकडून साधारण एकाच सुमारास बाद होते. आपल्या हातातली प्रत शेवटच्या काही प्रतींपैकी एक आहे, हे त्या टेबलावर बसलेल्या माणसाला कळण्याची सोयच नसते. कोणीही वाईट वागत नाही आणि पुस्तक जाते.

इथे तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील की काळ हाच खरा परीक्षक आहे, सकस असेल ते टिकेल. सत्काराच्या भाषणांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे आता कोणाला वाटतच नाही. आपल्या काळाने उपेक्षा केली तेव्हा भवभूतीनेही याच विश्वासाचा आधार घेतला होता: काळ निरवधी आहे, पृथ्वी विपुल आहे, कधीतरी कुठेतरी माझा समानधर्मा जन्माला येईल. भवभूतीला तो भेटला, कारण त्याची नाटके टिकली. पण ती टिकली ती निरवधी काळामुळे नव्हे. पिढ्यानुपिढ्या कोणीतरी बसून त्यांच्या नकला करत होते म्हणून टिकली, आणि त्या करणाऱ्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

कीर्ती किती पुरते याचा याहून स्पष्ट दाखला कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त आहे. नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधाराला विचारले जाते की ज्यांचे यश सर्वत्र पसरले आहे अशा भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्या कृती सोडून या आजच्या कालिदासाच्या नाटकाला एवढा मान का. म्हणजे त्या क्षणी कालिदास नवखा होता आणि हे तिघे प्रस्थापित. त्या तिघांचे पुढे काय झाले? भासाची म्हणून मानली जाणारी 13 नाटके विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरात टी. गणपतिशास्त्री यांना मल्याळम लिपीतील ताडपत्रांवर सापडली आणि 1912 पासून छापली गेली. त्या पोथ्यांवर नाटककाराचे नाव नाही, त्यामुळे ती खरोखर भासाचीच का, हा वाद विद्वानांत आजही आहे. ती उरण्यामागे केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेतल्या नटांचाही हात आहे, कारण त्यांनी त्यांतले अंक रंगभूमीवर चालू ठेवले होते. सौमिल्ल आणि कविपुत्र यांचे एकही नाटक सापडलेले नाही. खुद्द कालिदासाने ज्यांच्या कीर्तीची ग्वाही दिली, त्यांच्या बाबतीत काळाने कोणता निवाडा केला म्हणायचा? काळापुढे ती नाटके निवाड्यासाठी आलीच नाहीत. ताडपत्राला कसर लागते, दमट हवेत ते कुजते, आणि वेळेवर नवी नक्कल झाली नाही की प्रश्न संपतो.

ज्यांना काळाने न्याय दिला असे आपण म्हणतो, त्यांच्या बाबतीत काय घडले ते जवळून पाहिले, की काळाच्या जागी प्रत्येक वेळी एखादा माणूस उभा असलेला दिसतो. अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेल्व्हिलचे 1846 चे पहिले पुस्तक गाजले, 1851 ची ‘मोबी-डिक’ आपटली. प्रकाशकाच्या इमारतीला 1853 मध्ये लागलेल्या आगीत तिच्या न खपलेल्या सुमारे 300 प्रती जळाल्या, तरी त्यामुळे बाजारात टंचाई झाल्याची नोंद नाही. त्यानंतर या माणसाने न्यूयॉर्कच्या बंदरावर जकात निरीक्षक म्हणून 19 वर्षे नोकरी केली आणि 1891 मध्ये तो वारला, तेव्हा एकेकाळचा लोकप्रिय लेखक म्हणूनही त्याची फारशी कोणाला आठवण उरली नव्हती. त्याच्या शेवटच्या कादंबरिकेचे अपुरे हस्तलिखित त्याच्या पत्नीने इतर कागदांसोबत ठेवून दिले. पत्र्याच्या डब्यातले ते कागद 1919 मध्ये नातीने रेमंड वीव्हर या चरित्रकाराच्या हाती सोपवले आणि ती कादंबरिका 1924 मध्ये प्रसिद्ध झाली. अडगळ म्हणून तो डबा मधल्या 28 वर्षांत कोणी रिकामा केला असता, तर कोणाला काय कळणार होते?

एमिली डिकिन्सनच्या हयातीत तिच्या जेमतेम दहा-बारा कविता छापल्या गेल्या होत्या. 1886 मध्ये ती गेल्यावर तिची बहीण लविनिया हिला खोलीत हाताने शिवलेल्या वह्या आणि सुटे कागद मिळून सुमारे 1,800 कविता सापडल्या. आलेला पत्रव्यवहार तिने बहिणीच्या सांगण्याप्रमाणे जाळला, कविता मात्र ठेवल्या, आणि त्या छापल्या जाव्यात म्हणून लोकांच्या मागे लागली; 1890 मध्ये पहिला संग्रह निघाला. काफ्काने आपले अप्रकाशित लेखन जाळून टाकण्याची विनंती केली होती, पण मित्र माक्स ब्रोडने ती मानली नाही, आणि मार्च 1939 मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरत असताना ते कागद सुटकेसमध्ये भरून तो बाहेर पडला. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरातल्यांनी वहीत उतरवून ठेवली, 1951 मध्ये त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आले. गुणवत्ता या सगळ्यांपाशी होतीच. पण तेवढ्याच गुणवत्तेच्या दुसऱ्या एखाद्या बाईला सोपानदेव नसतील, लविनिया नसेल, तर तिच्याबद्दल आज आपण बोलणे शक्यच नाही. आणि हीच या युक्तिवादातली अडचण आहे, की हरवलेल्यांच्या वतीने पुरावा सादर करता येत नाही.

अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन यांचे उदाहरण तुम्हांला अधिक जवळचे वाटावे, कारण त्या अज्ञात कधीच नव्हत्या. त्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, पुस्तके मोठ्या प्रकाशकांनी काढली, नाव वर्तमानपत्रांत येत असे. 1960 मध्ये त्या फ्लोरिडातील निराधारांसाठीच्या आश्रमात वारल्या तेव्हा त्यांची पुस्तके बाजारात मिळत नव्हती आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. 1973 मध्ये लेखिका ॲलिस वॉकर यांनी गवतात शिरून ते थडगे अंदाजाने शोधले आणि त्यावर दगड बसवला. 1975 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि 1978 मध्ये एका विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने हर्स्टन यांची 1937 ची कादंबरी पुन्हा छापली. आज ती अभ्यासक्रमांत असते. पण वॉकर यांना ती कादंबरी आधी वाचायला मिळाली होती, म्हणून त्या थडगे शोधायला गेल्या. कुठल्यातरी फडताळावर काही प्रती उरल्या होत्या, या एका गोष्टीवर बाकीचे सगळे उभे आहे.

आता माझे मागणे. तुम्ही दर वर्षी जो निधी उभा करता, त्यातला काही भाग सन्मानचिन्ह, सभागृह, निमंत्रणपत्रिका आणि छायाचित्रे यांवर जातो. लेखकाच्या हाती पडणाऱ्या रकमेला मी हात लावू इच्छित नाही. लिहिणाऱ्याला पैसे मिळतात अशा जागा आधीच थोड्या आहेत. समारंभाचा खर्च मात्र निम्मा करावा आणि जे उरेल त्यातून, 25 ते 30 वर्षांपूर्वी तुमच्याच संस्थेने गौरवलेले आणि आज कुठेही विकत न मिळणारे एक पुस्तक दर वर्षी पुन्हा छापावे. मोठी आवृत्ती काढण्याची गरज नाही. मागणीप्रमाणे छपाईच्या तंत्रामुळे आता थोड्या प्रतीही काढता येतात. त्या आम्लविरहित कागदावर असाव्यात, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद सर्रास वापरात आला तो आतल्या आम्लामुळे पिवळा पडतो आणि काही दशकांत बोटाच्या दाबाने तुटू लागतो. काही प्रती एकमेकींपासून दूर असलेल्या ग्रंथालयांत, बाद न करण्याच्या अटीवर ठेवाव्यात.

दुसरी अडचण कागदाची नसून हक्कांची आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बर्न करार या आंतरराष्ट्रीय कराराने लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षे स्वामित्वहक्क दिला आहे, अनेक देशांत तो 70 वर्षे चालतो. तिसाव्या वर्षी पुस्तक लिहिलेला लेखक ऐंशी वर्षे जगला, तर त्या देशांत ते पुस्तक 120 वर्षे कोणाच्या तरी परवानगीशिवाय छापता येत नाही. ही परवानगी देणारा कोण, हेच अनेकदा कळत नाही. प्रकाशनसंस्था बंद पडलेली असते, करारपत्र हरवलेले असते, वारस चौघे असतात आणि त्यांतल्या दोघांना आपण वारस आहोत हेच माहीत नसते. लेखकाच्या संरक्षणासाठी केलेला कायदा मग त्याच्याच पुस्तकावर कुलूप होऊन बसतो. तुम्हांला यावर उपाय करणे सोपे आहे, कारण पुरस्कार देण्याच्या दिवशी लेखक आणि प्रकाशक दोघेही तुमच्यासमोर असतात आणि दोघेही खुशीत असतात. त्याच दिवशी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. पुस्तक ठरावीक काळ बाजारात नसेल, तर छपाईचे हक्क आपोआप लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे परत जातील, असे प्रकाशकाने मान्य करावे. आणि आपल्यामागे परवानगी देण्याचा अधिकार कोणा एकाला राहील, हे लेखकाने नोंदवून तुमच्या दप्तरी ठेवावे. प्रकाशक कुरकुर करतील. ‘पुरस्कारप्राप्त’ हे वर्तुळ त्यांना मुखपृष्ठावर हवे असते, तेव्हा ही अट ते मान्य करतील असा माझा अंदाज आहे.

आता सगळे डिजिटल झाले आहे, मग ही चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. विकत घेतलेले ई-पुस्तक बहुतेक वेळा वाचकाच्या मालकीचे नसते, त्याला फक्त वाचण्याचा परवाना मिळालेला असतो, आणि विक्रेत्याने सेवा बंद केली की तोही संपतो. फाइल टिकते ती कोणीतरी तिची निगा राखत असेल, जुन्या स्वरूपातून नव्या स्वरूपात ती वेळोवेळी नेत असेल तोवर. ताडपत्राची नक्कल करणारा हात इथेही लागतोच. तो हात कोणाचा, एवढेच ठरवायचे आहे, आणि तो तुमचा असावा असे मला वाटते.

यात लेखकांना काय मिळेल, हाही प्रश्न येईल. माझ्या पाहण्यातले बरेच लेखक लोक समजत होते त्याहून शहाणे होते. टाळ्या थांबतात हे त्यांना ठाऊक होते आणि टाळ्या थांबल्यावरही ते लिहीत राहिले. फ्रेंच कादंबरीकार स्तांदालने साधारण 1835 च्या सुमारास आपल्या आत्मचरित्रात अशा अर्थाचे लिहिले आहे, की मी एक लॉटरीचे तिकीट घेतले आहे आणि 1935 मध्ये वाचला जाणे हे त्याचे पहिले बक्षीस आहे. 1842 मध्ये तो मेला तेव्हा हे आत्मचरित्र अपूर्ण आणि अप्रकाशित होते. त्याची पाने फ्रान्समधल्या ग्रनोब्ल शहराच्या ग्रंथालयात राहिली आणि 1890 मध्ये छापली गेली. बक्षीस लागेल की नाही याची हमी स्तांदालला कोणी देऊ शकत नव्हते आणि तुम्हीही आज कोणाला देऊ शकणार नाही. सोडतीच्या दिवसापर्यंत तिकीट जपून ठेवणे मात्र ग्रनोब्लच्या ग्रंथालयाला जमले.

यातले काहीही मान्य करण्यापूर्वी एक काम करावे, अशी विनंती आहे. तुमच्या संस्थेने स्थापनेपासून आजवर गौरवलेल्या सर्व पुस्तकांची यादी काढावी आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते आज विकत मिळते का, किती ग्रंथालयांत आहे आणि त्याचे हक्क कोणाकडे आहेत, हे लिहावे. पुरस्काराच्या पुढच्या घोषणेसोबत ती यादी जशी असेल तशी, रिकाम्या रकान्यांसह, प्रसिद्ध करावी. नोंदी तपासण्याच्या कामात माझी मदत हवी असल्यास मी विनामोबदला यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल